आदानप्रदानाची भाषा : मराठी कलावंत आणि अमेरिका

'सांस्कृतिक आदानप्रदान' ह्या शब्दसंहतीला शासकीय कागदाचा वास आहे. दोन देशांत करार होतो, शिष्टमंडळे जातात-येतात, प्रदर्शने भरतात, स्मरणिका निघतात आणि आदानप्रदान झाले अशी नोंद होते. कलावंतांच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडले, हे त्या नोंदीत सापडत नाही. एका गावातला, एका भाषेतला कलावंत दुसऱ्या संस्कृतीसमोर उभा राहतो तेव्हा तो तिथून काय उचलतो, काय सोडून देतो आणि उचललेले घरी आणल्यावर कोणत्या शब्दांत सांगतो, हा खरा प्रश्न आहे. त्यातला शेवटचा भाग तर थेट मराठीच्या अभ्यासकांच्या वाट्याला येतो. १९६०नंतर मराठी भाषक कलावंत आणि अमेरिकन कलावंत यांच्यात जे घडले, त्याचा ह्या अंगाने विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. जो केला तो बहुतांशी 'प्रभाव' ह्या एका शब्दाच्या आधाराने केला, आणि तो शब्द येथे फार अपुरा पडतो.

प्रभाव ही कल्पना पाटाच्या पाण्यासारखी आहे. पाणी उंचावरून सखल भागाकडे जाणार. वरचा सोडणार, खालचा घेणार. मर्ढेकरांवर एलियटचा प्रभाव, साठोत्तरी कवींवर बीट कवींचा प्रभाव ही वाक्ये प्रबंधांतून इतकी रुळली आहेत की घेणाऱ्याने घेतलेल्याचे काय केले, हे विचारायचे राहूनच जाते. ह्या वृत्तीला उत्तर म्हणून भालचंद्र नेमाडे यांनी १९८३ साली साहित्यातील देशीयतेची भूमिका मांडली. तिने मराठी समीक्षेला स्वतःच्या जमिनीकडे पाहायला लावले, हे तिचे श्रेय मोठे आहे. मात्र नेमाड्यांच्या मूळ मांडणीत देशीकरणाच्या प्रक्रियेला जी जागा होती, ती अनुयायांच्या हाती आक्रसत गेली. पाटाचे पाणी अडवायला त्यांनी बांध घातला आणि बांधापलीकडून आलेले ते सारे परके, असा हिशेब मांडला. वस्तू कुठून आली यावरून तिचे मूल्य ठरवायचे, ह्या बाबतीत प्रभाववादी आणि बांध घालणारे यांच्यात फरक उरला नाही.

हा हिशेब चुकतो कसा, हे पाहण्यासाठी कोल्हापूरकरांना गावाबाहेर जावे लागत नाही. पेटीचे उदाहरण पुरेसे आहे. हार्मोनियम हे वाद्य एकोणिसाव्या शतकात युरोपातून आले. पायाने भाता हलवण्याची त्याची मूळ घडण बदलून हाताने भाता चालवण्याची सोय इथे झाली, आणि बैठकीला बसणाऱ्या माणसाच्या मांडीशी ते वाद्य आले. त्यातून मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, हा आक्षेप त्याच्या जन्माइतकाच जुना. ह्याच कारणाने ऑल इंडिया रेडिओने १९४० साली त्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. परंतु त्याच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी ह्या तुटक स्वरांच्या पेटीवर स्वतंत्र वादनाची शैली घडवली होती, आणि १९११ सालच्या 'मानापमान'च्या पदांना चालीही दिल्या होत्या. येथे महत्त्वाचे हे की गोविंदरावांनी केवळ पेटी वाजवली नाही. ह्या साऱ्या व्यासंगाविषयी लिहिले. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचे १९३९ सालचे पुस्तक म्हणजे परक्या वाद्याच्या आणि घरच्या गायकीच्या भेटीचा मराठी गद्यातला दस्तऐवज आहे. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीशी पेटीवाल्याचे कान कसे झगडले असतील, हे आज कोणाला समजून घ्यायचे तर त्याला गोविंदरावांच्या गद्याकडेच जावे लागते.

ह्या पेटीची गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकन कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग फेब्रुवारी १९६२मध्ये मुंबईला उतरला. मे १९६३पर्यंत तो भारतात होता आणि त्यातले अखेरचे महिने त्याने बनारसला काढले. तिथून मिळालेली हातपेटी तो पुढे अमेरिकेत आपल्या काव्यवाचनांना वापरू लागला. विल्यम ब्लेकच्या कवितांना त्याने ज्या चाली लावल्या त्याही तिच्या संगतीने. अमेरिकन श्रोत्यांना ते वाद्य पौर्वात्य अध्यात्माचे वाटले. युरोपातून भारतात आलेले, भजनीमंडळांनी आणि नाटक मंडळ्यांनी आपलेसे केलेले वाद्य पश्चिमेकडे परतले तेव्हा त्याची मूळ ओळख पुसली गेली होती. प्रभावाच्या तक्त्यात ह्या प्रवासाचा बाण कोणत्या दिशेने काढायचा?

चित्रकलेतही कोल्हापूरची परंपरा अशीच घडली. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे आणि बाबूराव पेंटर यांची तैलचित्रे युरोपीय वास्तववादाशिवाय संभवत नव्हती, आणि तरीही कोटितीर्थाचे पाणी आबालालांना जसे दिसले तसे ते कोणा युरोपीय चित्रकाराला दिसणे शक्य नव्हते. त्या परंपरेला माधवराव बागलांसारखा लिहिता चित्रकार मिळाला म्हणून तिच्याविषयी मराठीत काही शब्द शिल्लक राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात चित्रकारांचे पाय अमेरिकेकडे वळले तेव्हा हे घडले नाही.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्यावे. नागपुरात १९२४ साली जन्मलेले, गिरगावात वाढलेले, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतलेले हे चित्रकार. १९६३ साली मॉरिस ग्रेव्ह्‌ज ह्या अमेरिकन चित्रकाराने मुंबईत त्यांची चित्रे पाहिली आणि न्यूयॉर्कच्या एका कलादालनाला त्यांच्याविषयी भारावून पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी, १९६४मध्ये, गायतोंडे रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. ह्या भेटीत एक गंमत दडलेली आहे. ग्रेव्ह्‌ज जपानला जाऊन आलेला, झेनच्या ओढीने घडलेला चित्रकार होता. गायतोंड्यांनाही झेनची ओढ होती; पण त्यांचे झेन मुंबईत, इंग्रजी ग्रंथांच्या वाटेने आलेले. एक अमेरिकन आणि एक गिरगावकर जपानच्या अंगणात भेटले, असेच म्हणायला हवे. दोन संस्कृतींचे आदानप्रदान पुष्कळदा अशा तिसऱ्याच्या घरी होते, आणि तुलनात्मक अभ्यासाच्या 'अमुक-तमुक संबंध' अशा जोडनावांत त्या तिसऱ्या घराला जागा नसते.

न्यूयॉर्कहून परतल्यावर गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर काय बदलले, याची चर्चा कलासमीक्षकांनी केली आहे. रॉथ्कोशी त्यांची तुलना तर इतक्या वेळा झाली की ती आता पाठ्यपुस्तकी वाटते. गुगेनहाइम संग्रहालयाने ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ ह्या काळात त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरवले. त्यानिमित्ताने इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले. मराठीत सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने गायतोंड्यांविषयीच्या आठवणी आणि लेख चिकाटीने मिळवले व २०१६ साली ग्रंथरूपाने दिले, हे काम मोलाचे आहे. पण स्वतः गायतोंडे मौनी होते. न्यूयॉर्कच्या त्या दिवसांत त्यांनी काय पाहिले, कशाने ते अस्वस्थ झाले, काय त्यांना पटले नाही, याविषयी त्यांचे असे मराठी गद्य नाही. चित्रकाराने लिहिलेच पाहिजे असा आग्रह कोणी धरणार नाही. चित्र हीच त्याची भाषा, हे खरेच आहे. तथापि चित्र न्यूयॉर्कच्या भिंतीवर आणि दिल्लीच्या भिंतीवर सारखेच बोलते. मराठीत काही बोलायचे तर त्याला मराठी शब्द लागतात. तेच मोहन सामंतांविषयी. १९५९ साली शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेले, काही काळ परतून १९६८पासून तिथेच स्थायिक झालेले आणि सारंगी वाजवणारे हे चित्रकार २००४ साली वारले. साठोत्तरी काळाच्या मराठी वाङ्मयेतिहासात त्यांचे नावही येत नाही.

असा विसर मराठीपुरता नाही. बल्गेरियातील गाब्रोवो येथे १९३५ साली जन्मलेला ख्रिस्तो हा कलावंत सोफियाच्या कला अकादमीत शिकला, १९५६ साली देशाबाहेर पडला आणि प्राग, व्हिएन्ना, पॅरिस असे मुक्काम करत १९६४ साली न्यूयॉर्कला पोहोचला. पूल आणि इमारती कापडात गुंडाळणारा अमेरिकन कलावंत म्हणूनच जग त्याला ओळखते. पण विद्यार्थीदशेत, ओरिएंट एक्स्प्रेसमधून जाणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांना रुळांलगतची शेते आणि अवजारे नीटनेटकी दिसावीत म्हणून ती मांडण्याच्या कामावर त्याला धाडले जात असे, ही त्याने सांगितलेली हकीकत लक्षात घेतली तर १९९५ साली बर्लिनमध्ये राइशस्टागवर चढलेल्या कापडाचा एक धागा बल्गेरियन खेड्यातून आलेला दिसतो. हा कलावंत सोफियाचा की न्यूयॉर्कचा, हे पासपोर्टावरून ठरत नाही. गायतोंडे परत आले आणि ख्रिस्तोने अमेरिकाच घर केले, एवढ्यावरून एकाला 'आपला' आणि दुसऱ्याला 'त्यांचा' ठरवणे हा हिशेबनिसाचा न्याय झाला.

लिहित्या चित्रकाराने काय साधते, याचे मराठीतले उत्तम उदाहरण प्रभाकर बरवे यांचे आहे. १९६१च्या सुमारास विणकर सेवा केंद्राच्या नोकरीनिमित्त बरवे बनारसला गेले आणि १९६५पर्यंत तिथे राहिले. म्हणजे गिन्सबर्ग बनारसच्या घाटांवर वावरत होता त्याच काळात नागावात जन्मलेला हा मराठी चित्रकारही त्या शहरात होता, आणि दोघांनाही तांत्रिक प्रतिमांनी ओढून घेतले होते. त्या सुमारास साऱ्या पश्चिमेलाच तंत्राचे वेध लागले होते; अजित मुखर्जी यांचा तंत्रकलेवरचा इंग्रजी ग्रंथ १९६६ साली आला आणि त्या वेडाला पुस्तकी आधार मिळाला. अशा वेळी भारतीय चित्रकाराने यंत्राकृती काढत राहणे बाजाराच्याही सोयीचे होते. बरव्यांनी ते फार काळ केले नाही. प्रतीकांच्या गर्दीतून ते घड्याळ, पान, लिफाफा, कपबशी अशा साध्या वस्तूंकडे आले, आणि वस्तूभोवतीच्या रिकाम्या जागेला त्यांनी विषय केले. हा प्रवास कसा झाला, हे 'कोरा कॅनव्हास' ह्या १९९० साली मौजेने काढलेल्या पुस्तकात त्यांनी लिहिले. वस्तू, आकार, अवकाश, रिक्तता हे शब्द त्यात जसे वापरले गेले तसे मराठी समीक्षेत त्याआधी क्वचितच वापरले गेले असतील. पॉल क्ले हे त्यांचे आवडते चित्रकार. पण क्लेचे नाव घेतल्याने ते पुस्तक युरोपीय होत नाही आणि बनारसचे नाव घेतल्याने ते भारतीय होत नाही. ते मराठी होते ते त्याच्या वाक्यांनी. शांता गोखले यांनी पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर केले. मराठीतून इंग्रजीत गेलेले आधुनिक कलाविषयक गद्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहे, हे ध्यानात घेतले तर ह्या घटनेचे महत्त्व कळते.

आता अरुण कोलटकर. कोल्हापुरात जन्मलेले, राजाराम हायस्कुलात शिकलेले कोलटकर १९४९ साली चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले. जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी आयुष्यभर उपजीविका केली आणि त्या व्यवसायात मानाची पारितोषिके मिळवली. मराठी विभागांत कोलटकर शिकवले जातात ते द्विभाषिक कवी म्हणून. त्यांचे चित्रकार असणे चरित्रातली एक ओळ म्हणून सांगितले जाते आणि व्याख्यान पुढे सरकते. वास्तविक त्यांचे अमेरिकेशी असलेले नाते समजायचे तर त्या ओळीपाशीच थांबावे लागते.

गिन्सबर्गची आणि मुंबईतल्या तरुण मराठी कवींची १९६२ साली भेट झाली, ही गोष्ट अनियतकालिकांच्या चळवळीची कुंडली मांडताना हमखास सांगितली जाते, आणि बंडखोर मराठी कवितेचे पितृत्व त्या भेटीला बहाल केले जाते. तारखांकडे पाहिले तरी हे टिकत नाही. कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांचे 'शब्द' १९५४ साली सुरू होऊन १९६० साली थांबलेसुद्धा होते. गिन्सबर्ग आला तेव्हा नवी मराठी कविता त्याची वाट पाहत बसलेली नव्हती. उलट बाजूने पाहिले तर त्याची भारतीय रोजनिशी १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कलकत्त्याला आणि बनारसला जी जागा आहे ती मुंबईच्या मराठी कवींना नाही. ह्यात दुष्टावा नव्हता. तो जे शोधायला आला होता ते स्मशानघाटावर आणि साधूंच्या धुनीपाशी होते. फोर्टातल्या जाहिरात कंपनीत अक्षरांच्या जाडीचा विचार करणाऱ्या कवीकडे ते नव्हते. पाहुणा आपल्या गरजेपुरते घर पाहतो. यजमानाचेही तसेच असते, फक्त त्याची गरज वेगळी असते.

कोलटकरांनी अमेरिकेतून काय घेतले? युनिस डिसूझा यांनी त्यांना आवडत्या लेखकांविषयी विचारले तेव्हा त्यांनी नावांची एक लांबलचक माळच ऐकवली. तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आहेत, चक्रधर आणि गोडसे भटजी आहेत, आणि त्याच दमात वुडी गथ्री, मडी वॉटर्स, रॉबर्ट जॉन्सन हे गायकही आहेत. ही माळ प्रभाववाद्याला गोंधळात टाकते आणि बांध घालणाऱ्याला चिडवते. ती थट्टेने दिलेली असेल, पण थट्टा नाही. रॉबर्ट जॉन्सन आणि मडी वॉटर्स हे मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून आलेले कृष्णवर्णीय ब्लूज गायक. ब्लूजमध्ये एक ओळ म्हटली जाते, तीच पुन्हा म्हटली जाते आणि मग तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर येते. गाणारा 'मी' असतो, त्याची तक्रार पोटापाण्याची, प्रेमाची किंवा देवासैतानाची असते. ज्याने कोल्हापुरात वा मुंबईत भजन ऐकले आहे त्याला ध्रुपदाकडे परतणारा अभंग, देवाशी उघड भांडणारा 'मी' आणि अखेरची नाममुद्रा यांच्यामुळे ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. कोलटकरांनी बळवंतबुवा ह्या भजनी गायकाच्या सहवासात वर्षे घालवली, आणि १९७०नंतरच्या काही वर्षांत इंग्रजी गाणी रचून ध्वनिमुद्रितही केली. ही दोन स्वतंत्र वेडे होती असे मानणे कठीण आहे. अभंग ऐकलेल्या कानाने ब्लूज ऐकला आणि ब्लूज ऐकलेल्या कानाने पुन्हा अभंग, असा हा फेरा आहे. जनाबाई, मुक्ताबाई, तुकाराम यांना इंग्रजीत नेताना कोलटकरांनी भक्तिग्रंथांची सोवळी इंग्रजी टाळून रस्त्यावरच्या बोलीचा जो आधार घेतला त्याचे मूळ इथे आहे.

हीच रीत त्यांच्या मुंबईच्या हिंदीतल्या कवितेत अधिक उघड दिसते. मॅनेजरकडे पगार मागणाऱ्या आणि तो न मिळाल्यावर आपल्या पद्धतीने वसूल करणाऱ्या माणसाची ती कविता. तिची भाषा व्याकरणाच्या पुस्तकातली हिंदी नाही, मराठी तर नाहीच. फलाटावर आणि गोदीत घडलेली ती बोली आहे. ह्या कवितेचे इंग्रजी रूप त्यांनी केले तेव्हा त्यांनी ब्रिटिश इंग्रजीकडे पाहिले नाही. अमेरिकन गुन्हेपटांतल्या तोंडाळ, आखूड वाक्यांच्या बोलीत ती आणली. मुंबईच्या फुटपाथवरील भाषेची समोरासमोरची जोडीदार त्यांना तिथे सापडली. साहेबाची भाषा मधून वगळून दोन उनाड बोलींचा हा परस्पर व्यवहार झाला, आणि त्यात देणारा कोण व घेणारा कोण हे सांगता येत नाही. साठोत्तरी काळातल्या एवढ्या नेमक्या आदानप्रदानाचे दुसरे उदाहरण दाखवणे अवघड आहे.

'जेजुरी'विषयी नेमाड्यांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे : ही कविता पर्यटकाच्या नजरेने लिहिलेली आहे. आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. श्रद्धाळूच्या जेजुरीचा कवितेत प्रवेश नाही हे खरे. परंतु पर्यटकाची नजर आणि चित्रकाराची नजर ह्यांत भेद करायला हवा. पर्यटक पाहायचे काय ते घरून ठरवून येतो. चित्रकार समोरच्या वस्तूला तिचे नाव विसरून पाहतो; पायरी समजून ज्यावर पाय ठेवावा तो आडवा पडलेला खांब निघतो, हे त्याला दिसते. अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स हाही चित्रकारांच्या संगतीत घडलेला कवी होता, आणि वस्तूला वस्तूपण राहू देण्याची त्याची शिस्त कोलटकरांना जवळची वाटली ती ह्या व्यवसायबंधुत्वाने. नेमाड्यांना जे परकेपण जाणवले ते अंशतः इंग्रजीचे असेल. पण बरेचसे ते डोळ्याच्या शिस्तीचे आहे. कोलटकरांच्या निधनानंतर 'प्रास'ने त्यांची मराठी 'जेजुरी' प्रसिद्ध केली. भाषा बदलूनही ती नजर टिकते का, हे आता दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून तपासता येण्याजोगे आहे. आक्षेपाचा निकाल अशा वाचनानेच लागू शकतो, आणि तो कदाचित सर्वस्वी कोलटकरांच्या बाजूने लागणारही नाही.

दिलीप चित्रे यांच्याविषयी येथे थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण त्यांनी स्वतःविषयी भरपूर लिहून ठेवले आहे. १९७५ ते १९७७ ह्या काळात ते आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. १९६७ साली सुरू झालेल्या ह्या कार्यक्रमात पूर्व युरोपापासून आशियापर्यंतचे लेखक अमेरिकेच्या खर्चाने एकत्र येत. शीतयुद्धाच्या काळात ह्या औदार्यामागे राजकारण होते, यात शंका घ्यायला नको. तरीही चित्र्यांच्या बाबतीत ह्या व्यवहाराची शिल्लक मराठीच्या बाजूला जमा आहे : तुकारामाचे इंग्रजी रूप १९९१ साली त्यांच्याच हातून आले आणि नामदेव ढसाळांची कविता इंग्रजीत २००७ साली त्यांनीच नेली.

ढसाळांचे नाव आले की एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अमेरिकेशी मराठीचा सर्वांत परिणामकारक संबंध शिष्यवृत्तीने वा भेटीगाठीने घडलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या प्रश्नांतील साम्याकडे लक्ष वेधले होते. पुढे मराठवाड्यात जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठीतून करून दिला, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावासकट एक अमेरिकन कल्पना मराठी झाली. ह्या व्यवहारात विमानाचे तिकीट नव्हते, स्मरणिका नव्हती. मराठीतून लिहिलेले लेख होते आणि ते वाचणारे विद्यार्थी होते. चित्रकारांच्या अमेरिकन प्रवासाला जे मिळाले नाही ते नेमके हेच.

परिणाम काय झाला, तो समोर आहे. 'जेजुरी' १९७६ साली मुंबईत 'क्लिअरिंग हाऊस'ने काढली. तिची न्यूयॉर्कची आवृत्ती २००५ साली निघाली आणि त्यानंतर कोलटकर जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले. त्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली 'भिजकी वही' मात्र, अपालेपासून इसिसपर्यंत आणि हिपेशियापर्यंत जगभरच्या स्त्रियांचे अश्रू मराठीत आणूनही, त्या जगाच्या हाती तितक्या सहज लागत नाही. साऱ्या जगाला मराठीत बोलावणारे पुस्तक मराठीतच राहते आणि मराठी देवाला इंग्रजीत नेणारे पुस्तक जगभर जाते, ह्या विषमतेचा दोष अमेरिकेला देणे सोपे आहे. पण लेटिशिया झेकिनी यांचा कोलटकरांवरील ग्रंथ २०१४ साली आणि अंजली नेर्लेकर यांचा २०१६ साली आला, दोन्ही इंग्रजीत. नेर्लेकरांनी तर मराठी आणि इंग्रजी कोलटकर एकत्र वाचून दाखवले, अनियतकालिकांचे कागद, मुखपृष्ठे, छपाई यांच्यासकट. मुंबईच्या त्या पिढीतल्या कवींचे कागदपत्र अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झाले आहेत. ते तिथे सुरक्षित आहेत याचा आनंदच मानायला हवा. इथे ते कदाचित रद्दीत गेले असते. मात्र 'शब्द'चा अंक पाहण्यासाठी मराठीच्या विद्यार्थ्याला इथाका गाठावे लागणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात तुलनात्मक साहित्याची पत्रिका असते. तिच्यात मर्ढेकर-एलियटची जोडी वर्षानुवर्षे नांदते. तिच्या शेजारी टेंब्यांचे 'माझा संगीत व्यासंग' आणि बरव्यांचे 'कोरा कॅनव्हास' लावायला कोणता नियम आडवा येतो? ही दोन्ही पुस्तके मराठी गद्य म्हणून वाचली जात नाहीत, कारण त्यांचे लेखक वादक आणि चित्रकार होते. कोलटकरांनी स्वतः घडवलेली मुखपृष्ठे आणि पानांची मांडणी प्रबंधात येत नाही, कारण ती 'मजकूर' ठरत नाही. चित्रकाराने लिहिलेले पुस्तक चित्रकलेचे, ही समजूत ग्रंथालयांतही पक्की आहे. दशांश वर्गीकरणाने चालणाऱ्या ग्रंथालयात 'कोरा कॅनव्हास' चित्रकलेच्या ७५०मध्ये जाते. मराठी साहित्य ८९१.४६मध्ये असते. मधे सारी संगीताची, नाटकाची आणि खेळांची कपाटे येतात.